बिनआवाजी रडणं

माझ्या नटी होण्याला एका भाकरीपासून सुरुवात झाली. संध्याकाळची मालिका चालू होती. तिच्यातली सासू भाकरी थापत होती आणि तिचं ते पीठ चिवडणं बघून माझा जीव खालीवर होत होता. खोटं मला चालतं, अभिनय म्हणजे खोटंच. पण इतकं आळशी खोटं मला सहन होत नाही. "ही बाई जन्मात परातीजवळ बसलेली नाही," मी म्हटलं. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "मग तू जा की." त्याला वाटलं, विषय संपला. मी म्हटलं, "जाते."

तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. मुलगी नोकरीला बंगळुरात, नवरा चितेगावच्या कंपनीत शिफ्टला, आणि गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी एकटी. या वयात बाईनं भिशी लावावी, गुडघे सांभाळावेत, मुलीसाठी स्थळं बघावीत, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मी अमक्याची बायको होते, तमकीची आई होते, आणि कॉलनीभर सगळ्यांची काकू होते. यातलं काहीच मी कमावलेलं नव्हतं, आपसूक मिळालेलं होतं. मला एखादं काम स्वतः कमवायचं होतं. कॉलेजात असताना गॅदरिंगच्या नाटकांत मी टाळ्या घेतल्या होत्या, त्या टाळ्या अजून माझ्या कानात होत्या.

उस्मानपुऱ्यात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर अभिनयाचं शिबिर चालायचं. तिथले सर मुंबईत बरीच वर्षं मालिकांमधून इन्स्पेक्टर, वकील आणि 'आता सगळं देवाच्या हातात आहे' म्हणणारे डॉक्टर करून परत आले होते. बाकीची सगळी पोरं विशीतली. पहिल्या दिवशी त्यांना मी कुणाची तरी आई वाटले, मुलाची फी भरायला आलेली. मी चप्पल काढून गोलात जाऊन बसले तेव्हा एकदोघांनी एकमेकांकडे बघितलं. बघा म्हटलं, खुशाल बघा.

सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "राग मानू नका काकू, पण स्पष्ट बोलतो. तुमच्या वयाच्या बाईला मालिकेत दोनच कामं. रडायचं, नाहीतर दुसऱ्याचे कान भरायचे. कान भरणाऱ्या बायका पुण्या-मुंबईत पोत्यानं पडल्यात. तुम्ही रडण्याची तयारी करा."

मला मनातून गंमत वाटली. रडण्याची तयारी, आणि मी?

माझं माहेर वैजापूरजवळचं, शेतकऱ्याचं मोठं घर. आमच्याकडे कुणी गेलं की लेकीबाळी गल्लीच्या तोंडापासून हेल काढून रडत येतात. नुसतं रडणं नव्हे, त्यात शब्द असतात. गेलेल्या माणसाला हाक मारायची, त्यानं काय केलं, काय खाल्लं, काय द्यायचं कबूल केलं आणि न देताच गेला, हे सगळं सुरात त्यालाच सांगायचं. घरातली बाई पुढं होऊन तो हेल झेलते, गळ्यात पडते, तिची ओळ म्हणते, मग पाहुणीनं पुढची. आजोबा गेले तेव्हा मी जेमतेम परकर नेसणारी. पण मी त्यांच्या बैलांची नावं घेऊन, त्यांची तंबाखूची चंची, त्यांचा चिलमीवरचा खोकला, सगळं घालून असा हेल काढला की दारातल्या पुरुषांनी पटक्याची टोकं डोळ्यांना लावली. तेव्हापासून भावकीत मी रडायला बसेपर्यंत बायका थांबायच्या. मला हे शिकवलं मोठ्या मायनं. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. आई दिवसभर मळ्यात असायची, म्हणून मला न्हाऊमाखू घातलं, वेणी घातली, मारलं, ते सगळं मोठ्या मायनं. ती म्हणायची, "मानसाकडं बघून रडू नको. ते गेलं त्येच्याकडं बघ. त्येला सांग."

म्हणून शिबिरात सरांनी सांगितल्यावर मी उभी राहिले आणि रडून दाखवलं. खरोखर रडून दाखवलं. खालच्या क्लासमधून गणिताचे मास्तर आणि त्यांच्यामागे निम्मा वर्ग जिना चढून वर आला. सरांनी पाण्याचा ग्लास दिला, मी बसेपर्यंत वाट पाहिली, आणि म्हणाले, "छान. आता हे सगळं विसरून जा."

मला राग आला. पण ते बरोबर होते, हे त्यांनी मोबाईलवर केलेलं शूटिंग दाखवलं तेव्हा कळलं. पडद्यावर एक बाई तोंड वासून हलत होती. डोळे मिटलेले, नाक लाल, पदराचा बोळा तोंडावर. दुःख कुठं दिसतच नव्हतं, नुसता गलका दिसत होता. सर म्हणाले, "कॅमेरा तुमच्या नाकासमोर आहे. त्याला आवाज नको, डोळे पाहिजेत. डोळे भरायचे, पण पाणी सांडायचं नाही. डायलॉग संपेपर्यंत खालच्या पापणीवर तोलून धरायचं, शेवटच्या शब्दावर सोडायचं. आणि चेहरा हलता कामा नये. सेटवर ग्लिसरीन देतात, पण ऑडिशनला तुमचं तुम्हालाच."

घरी आले आणि कामाला लागले. मी एकदा ठरवलं की ठरवलं, मग माझ्यापुढं नवऱ्याचंही चालत नाही. कांदा चिरताना येणारं पाणी हिशेबात धरायचं नाही, हा माझा पहिला नियम. भाजी निवडताना, कुकरची शिट्टी व्हायची वाट बघताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना मी डोळे भरायची आणि तोलून धरायची. सुरुवातीला डोळे भरले की घशातून हेल वर यायचा, जुनी खोड. तो मी गिळायची. गिळून गिळून घसा दुखायचा. हळूहळू हेल यायचाच बंद झाला. डोळे वेगळे झाले आणि गळा वेगळा झाला. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

आमचं स्वयंपाकघर समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या खिडकीसमोर. त्यांना रोज दिसायचं की ही बाई ओट्याशी उभी राहून मुकाट्यानं अश्रू ढाळते, मग डोळे पुसते, घड्याळ बघते आणि पुन्हा सुरू करते. त्यांनी बरेच दिवस पाहिलं आणि शेवटी आपल्या रिटायर्ड नवऱ्याला सांगितलं. ते सद्गृहस्थ संध्याकाळी जिन्यात आमच्या ह्यांची वाट अडवून उभे राहिले. "हे बघा साहेब, सुशिक्षित घर आहे, शोभत नाही," इथपासून सुरू होऊन प्रकरण महिला मंडळापर्यंत गेलं. हे घरात आले ते कानापर्यंत लाल होऊन. "तुझ्या रडण्यापायी मी आता कॉलनीत बायकोला मारणारा झालो," म्हणाले. मी म्हटलं, "म्हणजे लांबूनही दिसतंय ना? आवाज नसताना?" त्यांनी डोक्याला हात लावला. पण दुसऱ्या दिवसापासून तेच मोबाईल धरून माझं शूटिंग करायला लागले, खिडकीचा पडदा ओढून.

सरांनी माझं एक चांगलं झालेलं शूटिंग पुण्याला पाठवलं. थोड्याच दिवसांत तिकडून फोन आला. नवीन मालिका, नायकाची आत्या, खेडेगावातून आलेली. गुरुवारी दुपारी ऑडिशनला या. प्रसंग मोबाईलवर आला. आत्या बऱ्याच वर्षांनी माहेरी येते आणि भिंतीवरच्या भावाच्या फोटोशी बोलते. चारच वाक्यं. सर म्हणाले, "ही तुमचीच आहे काकू, कुणाला देऊ नका." मी चार वाक्यं इतकी घोटली की शेवटच्या शब्दावर डाव्या डोळ्यातलं पाणी आधी सोडू की उजव्यातलं, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

बुधवारी सकाळी माहेराहून फोन आला. मोठी माय गेली. पहाटे चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेली.

हे कामावर होते. त्यांना कळवून मी रिक्षा केली, स्टँड गाठला आणि वैजापूरची एसटी धरली. ऑडिशनच्या साडीची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, ती सवयीनं हातात आली, की मी मुद्दाम घेतली, हे मला आजही सांगता येणार नाही. बसमध्ये मी मोठ्या मायचाच विचार करत होते. तिचे भेगाळलेले हात, वेणी घालताना डोक्यात मारलेले टोले. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर काय म्हणायचं ते माझ्या मनात तयार होत होतं, ओळीमागून ओळ.

गल्लीच्या तोंडाशी उतरले. ओट्यावरच्या बायकांनी मला बघितलं आणि त्या गप्प झाल्या. माझीच वाट बघत होत्या. मी चालायला लागले आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही. डोळे मात्र भरले, गच्च भरले, आणि पाणी खालच्या पापणीवर जाऊन थांबलं. चेहरा हलला नाही. मी तशीच चालत राहिले, कॅमेऱ्यासमोरून चालावं तशी, आणि आपण किती नीट रडतोय हे मला कळत होतं. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली.

दारातून अक्का पुढं आली. अक्का म्हणजे मोठ्या मायची लेक, माझ्याहून मोठी, कन्नड तालुक्यात दिलेली. तिनं माझ्या गळ्यात पडून हेल काढला, "आली गं तुझी लाडकी, माझे माय, डोळे उघड गं..." आणि थांबली. पुढची ओळ माझी होती. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून वाट बघत राहिली, सगळ्या बायका वाट बघत राहिल्या, आणि मी नुसती उभी. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी ओळ उचलली. अक्कानं हात काढून घेतले.

"शेरात ऱ्हाऊन दगड झाली," मागून कुणीतरी म्हणालं. हळू म्हणालं, पण मला ऐकू यावं इतपतच हळू.

मोठ्या मायला नेलं तेव्हाही मी अशीच. खूप दुःख झालं होतं मला. पण ते बाहेर यायची वाट मीच बुजवून टाकली होती, एवढ्या मेहनतीनं, नवऱ्याला मोबाईल धरायला लावून. सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून पिशवी उचलली. अक्का न्हाणीजवळ भांडी घासत होती.

"कुठं निघालीस?"

ह्यांची तब्येत, मुलीचा फोन, काहीही सांगता आलं असतं. पण मोठ्या मायच्या अंगणात उभं राहून खोटं बोलायला जीभ वळेना. "पुण्याला," मी म्हटलं. "टीव्हीतल्या कामाची परीक्षा आहे. आजच आहे."

अक्कानं राखेचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. "मायला जाळून एक रात नाय झाली."

"माहीत आहे."

"काल डोळ्यात पानी होतं तुझ्या. तोंडातून शबूद नाय निघाला. लोकं काय बी म्हणूंदे, मी म्हणलं, धक्का बसला आसंल. अन् तू चाल्लीस नाटक करायला व्हय?" ती पुन्हा भांड्याकडे वळली. "जा. पर आता तिसऱ्याला नाय आलीस तरी चालंल."

मी गेले. मी थांबले असते तरी मोठी माय परत येणार नव्हती, आणि मी गेले नसते तर ते कामही परत येणार नव्हतं. हा विचार क्रूर आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण त्या सकाळी त्याच्याच आधारानं मी स्टँडपर्यंत चालले. बसमध्ये खिडकीशी बसून मी चार वाक्यं म्हणत राहिले. एकच गोष्ट ठरवली होती: डोळ्यात पाणी आणण्यासाठी मोठ्या मायला आठवायचं नाही. तिला या धंद्यात ओढायचं नाही. आजोबांना आठवीन, पण तिला नाही.

पुण्यात एका बंगल्याच्या तळमजल्यावर ऑडिशन होती. साडी बदलून बसले. माझ्या वयाच्या बऱ्याच बायका होत्या, नीट इस्त्रीच्या खेडवळ साड्यांमध्ये. आतल्या खोलीत एक पांढरी भिंत, एक दिवा, एक कॅमेरा आणि चष्मा लावलेली एक तरुण बाई, ती ऑडिशन घेणारी. तिनं माझी माहिती विचारली, डावीकडून-उजवीकडून बघितलं, दोन्ही हात पालथे-उताणे दाखवायला लावले. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "समजा इथे फोटो आहे. गेलेल्या माणसाचा. ॲक्शन."

मी भिंतीकडे बघितलं. फोटो नव्हता. पांढऱ्या भिंतीवर काहीच नव्हतं, आणि माझी वाट बघत उभ्या असलेल्या बायकाही नव्हत्या. मी पहिल्या वाक्यासाठी तोंड उघडलं आणि कालपासून अडकलेला हेल बाहेर पडला.

"मोठे माय गं, च्या मागितलास अन् थांबली नायस गं... माझ्या डोईत टोले घालून वेण्या घातल्यास, आता कुणापुढं डोकं करू गं... दिवाळीला म्हणलीस, पोरी तुला वाकळ शिवून ठिवते, अर्धी वाकळ खुंटीला टांगून निघालीस, कुठं निघालीस गं..."

किती वेळ ते मला माहीत नाही. बाहेर बसलेल्या बायका दाराशी आल्या होत्या. मी थांबले तेव्हा नाक गळत होतं, पदराचा बोळा झाला होता, आणि घसा पहिल्यांदाच मोकळा वाटत होता. चष्मेवाल्या बाईनं चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात म्हणाली, "काकू, छान होतं. म्हणजे... छानच होतं. पण स्क्रिप्टमध्ये नाही हे. आणि टीव्हीला खूप लाऊड होईल. एकदा शांतपणे करूया?"

मी तोंड धुऊन आले. मोठी माय माझ्या अंगावरून उतरली होती. आता समोर फक्त नायकाच्या आत्याचा भाऊ होता आणि त्याच्यासाठी मी महिनोन् महिने तयारी केली होती. चार वाक्यं म्हटली. चेहरा हलवला नाही, पाणी तोलून धरलं, शेवटच्या शब्दावर सोडलं, डाव्या डोळ्यातून. ती म्हणाली, "परफेक्ट. पुढच्या आठवड्यात लूक टेस्टला येऊ शकाल?" मी म्हटलं, "येईन." हे मी चोरून नाही, छाती पुढं काढून म्हटलं. ते काम मी कमावलं होतं.

"पहिला टेक डिलीट करते," ती म्हणाली.

"नका करू," मी म्हटलं. "आधी मला पाठवा."

असं पाठवत नाहीत म्हणे. पण तिनं पाठवला.

शिवाजीनगरच्या स्टँडवर वैजापूरच्या गाडीला वेळ होता. मी फलाटावर बसून मोबाईल हातात धरला. अक्काला तो पाठवणं म्हणजे आगीत हात घालणं होतं. त्यात सुरुवातीला ती चष्मेवाली 'ॲक्शन' म्हणते ते स्वच्छ ऐकू येत होतं. आईच्या मरणाचा तमाशा केला, असं म्हणून अक्का मला कायमची तोडू शकली असती, आणि तिचं चुकलंही नसतं. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. काही न लिहिता पाठवून दिला.

गाडी लागायच्या आधी फोन वाजला. अक्का.

"त्या भिताडाला काय सांगत होतीस?" ती म्हणाली. आवाज कोरडा होता. मग तिचा श्वास ऐकू आला, आणि मागून घरातल्या बायकांचा गलका, आणि अक्कानं तिथूनच, अंगणातून, फोनमध्ये हेल काढला, "वाकळ तुझ्यासाठीच गं शिवत होती, माझी माय... डोळ्याला दिसंना तरी टाके घालत होती..." आणि थांबली.

पुढची ओळ माझी होती. फलाटावर माणसं होती, हमाल होते, शेंगदाणेवाला होता, कंडक्टर पाटी बदलत होता. मी कुणाकडे बघितलं नाही. तोंड उघडलं आणि ओळ उचलली.